गाठीला कान

आकारामनं कागदावर बोट ठेवलं, ओठ हलवत एक ओळ वाचली आन् थांबला. मग त्यानं वर बघितलं. कागदाकडं न्हाई, माझ्याकडं.

"काय रं?" मी म्हणलं.

"दाजी, जरा आत येतासा?"

आत म्हंजे दुकानाच्या मागची खोली. आकाराम माझा मेव्हणा, बायकोचा थोरला भाऊ. त्याचं औषधाचं दुकान. माणसाच्या न्हाई, द्राक्षबागेच्या. मागच्या खोलीत डब्यांची थप्पी आन् वास असा, की रडू न येता डोळं गळावं. आकाराम दहावीला इंग्रजीत पस्तीस मार्क पाडून काठावर निघालेला. पण डब्यावरचं वाचून वाचून आख्ख्या वाडीचं इंग्रजी त्यानं एकट्यानं उचलून धरलेलं. मी चौथी. मैलाच्या दगडावरचं गाव तेवढं वाचता यायचं. ट्रक चालवायला तेवढं पुरतं.

त्यानं शटर निम्मं खाली ओढलं.

"पाकीट कुनी फोडलं?"

"मी. खिळ्यानं."

"दवाखान्यानं फोडू नका म्हणलं हुतं नव्हं?"

"फोडू नका म्हणलं म्हणूनच फोडलं."

बावीस वर्सं मी दहाचाकी चालवली. तासगावचा बेदाणा भरायचा आन् गुजरातेत, पार राजस्थानात नेऊन टाकायचा. बंद पाकीट आन् बंद तोंडाचा माणूस, ह्या दोन्हींवर मी कधी भरवसा ठेवला न्हाई. सोमवारी मिरजेच्या दवाखान्यात खिडकीतल्या पोरीनं ते पाकीट माझ्या हातात दिलं. डिंकानं चिकटवलेलं. म्हणली, बुधवारी पेशंटला घेऊन या, नेर्लेकर मॅडम उघडतील आन् समजावून सांगतील. गुरुवारी ऑपरेशन. मी म्हणलं, सांगण्यासारखं असंल तर चिकटवलं कशाला?

ऑपरेशन माझ्या बायकोचं, बायाक्काचं. डाव्या छातीत लिंबाएवढी गाठ. कोकरू काखंत मारलं की टोचायची म्हणून तिला कळलं. तिची आई असल्याच गाठीनं गेली, मावशीबी. मिरजेच्या मोठ्या डॉक्टरनं बोटानं चाचपून सांगितलं, अजून येळ गेलेली न्हाई, काढली तर बाई वाचती. न्हाई काढली तर वरीसभर. एवढं सरळ होतं सगळं. गुरुवारी तिला टेबलावर न्यायची, एवढंच माझं काम.

"हे बघा," आकाराम म्हणला. "इ आर. पॉझिटिव्ह. त्येच्या खाली पी आर. त्येबी पॉझिटिव्ह."

मी पोत्यावर बसलो.

आता तुमाला सांगायला पायजे. ही दोन हजार पाच सालची गोष्ट. त्या टायमाला आमच्याकडं पॉझिटिव्ह ह्या शब्दाला एकच अर्थ. हायवेला प्रत्येक ढाब्यावर पाटी, प्रत्येक नाक्यावर फुकटचं पुडकं वाटणारी पोरं. वाडीतलं दोन डायवर त्यातच गेलं. एकाच्या मातीला चार माणसं, त्यातली दोन कुंपणाच्या बाहेर उभी. 'पॉझिटिव्ह निघाला' हे लोक कसं बोलायचं ठाऊक हाय? आधी मागं वळून बघायचं, मग बोलायचं.

"तिला गाठीचा आजार हाय," मी म्हणलं. "ह्याचा काय संबंध?"

"त्येच म्हणतोय मी. काय संबंध?" आकारामनं कागद माझ्याकडं फिरवला, जसं काय मला वाचता येणार होतं. "पन ह्यो शेवट बघा. हर टू. निगेटिव्ह."

"मग एक तरी बरं हाय की."

"दाजी, हर म्हंजे काय? हिज म्हंजे त्याचं, हर म्हंजे तिचं. गुरुजींनी छड्या मारून शिकवलंय, मी मरूस्तवर इसरणार न्हाई. तिचं निगेटिव्ह. म्हंजे माझ्या भैनीचा ह्यात काय दोष न्हाई, असं डॉक्टरनं लिवलंय." त्यो थांबला. थप्पीतला एक डबा उगंच सरळ केला. "मग पॉझिटिव्ह कुनाकडनं आलं?"

तवाच त्येला हटकलं न्हाई, तेच चुकलं माझं.

आन् मग एकेक गोष्ट आठवायला लागली, डोक्यात खिळं मारल्यासारखी. आदल्या पंधरवड्यात त्या नेर्लेकर मॅडमनी बायाक्काला बसवून घेतलं होतं. ऑपरेशन करणारा डॉक्टर येगळा, ह्या येगळ्या. ह्यांचं काय तरी संशोधन. कागदावर गोल आन् चौकोन काढून तिच्या आईपासनं सगळ्यांची माळ लावली. कोन कशानं गेलं, कितव्या वर्सी. मग तीन नळ्या रक्त. गाठ छातीत आन् रक्त दंडातनं. बरं, तिचं घेतलं तर घेतलं, तिची धाकटी भैन मालन, तिलाबी बोलवून घेतलं आन् तिचंबी रक्त काढलं. मालन धडधाकट! नळीवर नाव न्हाई, नंबर. फॉर्मवर अंगठा. मॅडम म्हणल्या, तुमचं नाव कुठंच येणार नाही, कुणाला कळणार नाही, काळजी करू नका. आन् उठताना माझ्याकडं बघून म्हणल्या, "पुढच्या वेळी नवरा-बायको दोघंही या हं."

नंबर, गुपित, दोघंही या. ढाब्यावरच्या पाटीवरबी हेच असायचं.

"मालनच्या मालकाचा फोन आलता," आकाराम म्हणला. "इचारत हुता, आमच्या मंडळीचं रक्त कशापायी घेतलं म्हणून. मी काय सांगू त्येला?"

"काय सांगू नगंस. आन् बायाक्काला बी."

तेवढ्यात त्याची बायको चहा घेऊन आली. आकारामला कपबशी. मला प्लास्टिकचा कप, वापरून फेकायचा. पंचवीस वर्सं त्या घरी मी बशीत ओतून चहा प्यालोय. मी तिच्याकडं बघितलं, तिनं शटरकडं बघितलं. कागद येऊन अजून अर्धा तास झाला न्हवता, आन् पातळ भिंतीच्या पलीकडं सगळं पोचलंबी होतं.

मंगळवार मी कसा काढला मलाच ठाऊक. पाकीट ट्रकच्या सीटखाली कोंबलं. बायाक्का भाकरी वाढायची, मी तिच्या तोंडाकडं बघायचो. तिनं बघितलं की ताटाकडं. तांब्याला तोंड लावू का वरनं पिऊ, हेबी मला ठरवता येईना. दुपारी ट्रकचं चाक खोलून बसलो, खराब नसलेलं.

"त्या चाकाला काय झालंय?" ती दारातनं म्हणली.

"बघतोय."

"काल सांजचं बी बघत हुतासा."

एवढंच बोलली आन् आत गेली. बायाक्का कमी बोलायची. आमचा मेंढरांचा धंदा, माझा बाप गेल्यावर मी ट्रकवर गेलो आन् कळप तिनंच सांभाळला. शंभर मेंढरांत एक आजारी असलं तर तिला लांबनं कळायचं. म्हणायची, आजारी मेंढरू कळपात मधी घुसतं, कडंला राहत न्हाई. त्या दोन दिसांत मीबी असाच कुठं तरी घुसायला बघत होतो.

बुधवारी सकाळी तिनं मला मेंढरं कोंडायच्या वाडग्यात बोलावलं. नवी कोकरं झालेली. कोकरांच्या कानाला आम्ही खूण करतो, आमच्या घरची खूण म्हंजे डाव्या कानाला त्रिकोणी खाच. कळपात कळप मिसळला तरी कान बघून आपलं ओळखता येतं. मी कोकरू गुडघ्यात धरायचं, ती कात्री चालवायची, वर हळद दाबायची.

मी कोकरू धरलं. तिनं कात्री उघडली. आन् कान न कापता म्हणली,

"मिरजंला आज जायाचं न्हाई. उद्या बी न्हाई."

"का?"

"रक्तातलं असंल तर कापून काय निघनार?"

"कोन म्हणलं रक्तातलं?"

"दादाची बायको आलती काल. तुमी चाक खोलत बसलावता तवा. डोळं पुसत हुती. मला म्हणली, तुझा काय दोष न्हाई, कागदावर लिवलंय." तिनं कात्री मिटली. "माझा दोष न्हाई हे डॉक्टरनी लिवून द्याया लागलं? मग मी इचार केला. दादा सरळ बोलंना. तुमी ताटाकडं बघून जेवतासा. तांब्या वरनं पितासा."

"बायाक्का..."

"एकच इचारती. खरं असंल तर खरं, खोटं असंल तर खोटं. कुठनं आनलासा का न्हाई?"

कोकरू ओरडाय लागलं. त्याची आई कुंपणाच्या पलीकडनं ओरडाय लागली.

न्हाई म्हणता आलं असतं. आजवर बावीस वर्सांत पोलिसाला, शेठला, आरटीओला तोंडावर किती खोटं बोललो त्याची गणती न्हाई. पण मला वाटलं, ही आता मरणार ती माझ्यामुळं, आन् वर मी खोटं बोलू? आन् दुसरं असं वाटलं, हेबी सांगतो, की खरं बोललो तर रागानं का होईना ती उठंल आन् मिरजंला येईल.

"बडोद्याच्या पुढं," मी म्हणलं. "सहा वर्सांमागं. वैशाख हुता. क्लचप्लेट गेली. तीन दिस गाडी एका ढाब्याच्या मागं उभी. तिथं एक बाई हुती."

"एकदा?"

"एकदाच. देवाशपथ."

तिनं माझ्याकडं बघितलं न्हाई. कोकराचा डावा कान हातात घेतला, कात्री चालवली, हळद दाबली, त्याला सोडून दिलं. कोकरू आईकडं पळालं. मग तिनं हात पदराला पुसलं.

"चला."

"कुठं?"

"मिरजंला. ऑपरेशनला न्हवं. त्या बाईला इचारायचंय, किती दिस हायत माझं. मेंढरांचं काय तरी ठरवाया लागंल. दादालाबी घ्या, त्येलाच इंग्रजी येतंय."

एसटी स्टँडवर आम्ही तिघं तीन बाकड्यांवर बसलो. गाडीला उशीर होता. आमचा गणू मेस्त्री तिथं कुणाला तरी सोडायला आलेला. माझ्या ट्रकचं काम त्यानंच केलंय जल्मभर. बायाक्का उठून त्याच्यापाशी गेली आन् काय तरी बोलली. त्यानं दोन बोटं दाखवली, हसला, मान हलवली. मला वाटलं, त्याच्या सुनेचं बाळंतपण जवळ आलं होतं, त्याचं इचारत असंल.

गाडीत ती बायकांच्या सीटवर पुढं बसली. मी मागं. आकाराम पाकीट धरून मधी उभा, जागा असून.

नेर्लेकर मॅडम तरणी बाई, चष्मा केसांत खोवलेला. पाकिटाचा उचकटलेला काठ बघितला आन् काय बोलल्या न्हाईत. त्यांनी कागद वाचला आन् चेहरा खुलला. मी मनात म्हणलं, काय माणसं असतात.

"बायाक्का, चांगला रिपोर्ट आहे."

आकाराम खाकरला. "मॅडम, पॉझिटिव्ह हाय ना पन?"

"हो. दोन्ही पॉझिटिव्ह. म्हणूनच चांगला."

"आमी अडाणी असू," आकारामचा आवाज चढला, "पन एवढं बी अडाणी न्हाई. पॉझिटिव्ह म्हंजे काय ते जगाला ठाऊक हाय. माझ्या भैनीचा ह्यात दोष न्हाई, तुमीच लिवलंय. हर टू निगेटिव्ह!"

मॅडमनी त्याच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग बायाक्काकडं, जरा जास्त येळ. हळूच चष्मा डोळ्यांवर घेतला.

"अरे देवा," त्या म्हणल्या. "तुम्हाला तो आजार वाटला?"

आकारामनं मान खाली-वर केली.

"तो नाही. इथं त्या आजाराची तपासणीच केलेली नाही. ही गाठीची तपासणी आहे, मागं सुईनं काढलेल्या गाठीच्या तुकड्याची. आणि हर टू हे नुसतं एका परीक्षेचं नाव आहे, दादा. त्यात तिचं-त्याचं काही नाही."

आकाराम खुर्चीत बसला. बसला म्हंजे, खाली गेला.

"आणि ऐका," मॅडम म्हणल्या, "तो आजार असता तरी गाठ आपण काढलीच असती. त्यासाठी कुणी ऑपरेशन सोडत नाही."

"मग काय हाय ते मला समजंल असं सांगा," बायाक्का म्हणली. "मला. ह्यास्नी नगं."

मॅडमनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. "तुम्ही रानात मेंढरांना हाळी घालता ना?"

"घालती."

"तशी बाईच्या अंगात एक हाळी असते. वयात येताना सुरू होते. छातीला सांगते, वाढ. पाळीला सांगते, ये. रक्तातनं सगळीकडं फिरते. पण ती ऐकायला कान लागतात. छातीच्या आत बारीक बारीक कण असतात, त्या प्रत्येकाला कान असतात. तुमच्या गाठीलाही आहेत. पॉझिटिव्ह म्हणजे एवढंच. गाठीला कान आहेत."

"म्हंजे ती हाळी ऐकून वाढती?"

"बरोबर. आणि कान आहेत म्हणून इलाज आहे. आधी गाठ काढू. मग औषधं, मशीनचा शेक. त्यानंतर एक गोळी, रोज एक, पाच वर्षं. ती गोळी त्या कानात बोळा घालते. कुठं एखादा कण मागं राहिला असेल, तर त्याला हाळी ऐकूच येत नाही. ज्या गाठीला कान नसतात, तिला ही गोळी देऊन उपयोग नसतो. म्हणून मी चांगला म्हटलं."

बायाक्का विचार करत होती. तिच्या कपाळावर बारीक आठी पडायची, मेंढरं मोजताना पडायची तशी.

"मग रक्त कशापायी घेतलं? आन् मालनचं?"

"तुमची आई गेली, मावशी गेली. माझा अभ्यास तोच आहे. एखाद्या घराण्यात त्या कानाची घडणच जरा वेगळी असते का? हळू आवाज मोठा ऐकू येईल अशी? ती घडण पिढीजात येते, रक्तातनं बघता येते."

"माडग्याळी मेंढीगत," बायाक्का म्हणली.

"म्हणजे?"

"जतंकडची मेंढरं, मॅडम. कान लांब, पानावानी लोंबतेत. ते आमी करत न्हाई. आमी करतो ती खाच, ती पिलात उतरत न्हाई. पन लांब कान पोटातनंच येतेत."

मॅडम तिच्याकडं बघतच राहिल्या. "मला हे चार वर्षांपूर्वी, अभ्यास सुरू करताना, कुणी सांगायला हवं होतं," त्या म्हणल्या. "हो. तसंच. पण ठाम काही नाही बरं का. अशी घडण असून म्हाताऱ्या होऊन गेलेल्या बायका आहेत, आणि नसून गाठ झालेल्याही आहेत. शोधतोय आम्ही. नळीवर नाव घालत नाही ते त्याचसाठी. अमक्या घरातल्या पोरी खोडीच्या, असं कुणी म्हणू नये."

"आन् माझी लेक? नांदतीया ती इस्लामपुरात."

"तिनं आणि मालननं वर्षातनं एकदा येऊन तपासून जायचं. घाबरायचं नाही, चुकवायचं नाही."

"आन् दोघंही या म्हणलासा ते?"

"ऑपरेशननंतर घरी काळजी कोण घेणार? त्यांना शिकवायला नको?"

एवढं सगळं झालं. माझ्या डोक्यावरनं धोंडा उतरला, आन् उतरता उतरता पायावर पडला. रोग न्हवताच. कुणी काय इचारलं न्हवतं, इचारायचं कारणच न्हवतं, आन् मी सकाळी कोकरू गुडघ्यात धरून बडोदं सांगून बसलो होतो. फुकट. वर देवाशपथ.

मी आकारामकडं बघितलं. त्यो पंख्याकडं बघत होता.

"मग उद्या ऑपरेशन?" मॅडम म्हणल्या.

"करा," बायाक्का म्हणली. "पन आधी एक नळी ह्यांच्या रक्ताची घ्या."

"यांचं कशाला? अभ्यासात पुरुष नाहीत."

"तुमच्या अभ्यासाला न्हवं. माझ्या." ती माझ्याकडं न बघता बोलत होती. "दादानं जे वाचलं, ते खरं असतं तर कुठनं आलं असतं, त्येची तपासनी करा. कागूद आल्याबगर मी टेबलावर जानार न्हाई."

मॅडमनी मान हलवली. कुठल्या खोलीत जायचं ते मला बोटानं दाखवलं. त्या खोलीतबी एक बाई होती, तिनंबी नंबर दिला, तिनंबी सांगितलं, नाव कुठं येणार न्हाई. मी हात पुढं केला.

गुरुवारी सकाळी बायाक्काला हिरवा गाऊन घातलेला. डॉक्टर दोनदा डोकावून गेला. ती कॉटवर बसून राहिली, पाय खाली सोडून. नर्स म्हणली, मावशी, आडव्या व्हा. ती म्हणली, कागूद. मोठा डॉक्टर म्हणला, पुढची दोन ऑपरेशनं खोळंबलीत. ती म्हणली, त्येंचं आधी करा.

साडेनवाला नेर्लेकर मॅडम जिना चढून आल्या. आकाराम कागद घ्यायला पुढं झाला.

"तू न्हाई, दादा," बायाक्का म्हणली. "मॅडम वाचतील."

"निगेटिव्ह," मॅडम म्हणल्या. "यांना काही नाही. आता तुमचंही घेऊ कधीतरी, पण आज काळजी नको."

बायाक्कानं मान हलवली. दागिना आत चालत न्हाई म्हणून गळ्यातलं डोरलं काढलं. मी हात पुढं केला. तिनं ते आकारामच्या हातात दिलं आन् आडवी झाली.

गाठ निघाली. मग सुया, शेक, केस गेलं, केस आलं. मग ती गोळी, रोज, भाकरी झाल्यावर. पाच वर्सं. डोरलं परत गळ्यात आलं, पण माझ्या हातानं न्हाई. मी लांबचा मार्ग सोडला, मिरज-तासगाव टेम्पो धरला, रोज घरी. शिकवल्याप्रमाणं तिचा हात वर-खाली करून द्यायचो, सूज येऊ नये म्हणून. बडोद्याचा शब्द तिनं पाच वर्सांत काढला न्हाई. मला सुरुवातीला वाटायचं, आज काढंल. मग वाटलं, उद्या. मग मी मनाशी म्हणलं, मिटलं. कागद निगेटिव्ह आला, एकदाचं झालं ते झालं, तिनंबी पोटात घातलं. चांगली हाय माझी बायको.

पाच वर्सं पुरी झाली त्या दिशी ती वाडग्यात होती. कोकरांच्या खुणा चाललेल्या. मी कोकरू गुडघ्यात धरलं. तिनं कनवटीची गोळ्यांची रिकामी पट्टी काढली, मला दाखवली, मुठीत चुरगाळली.

"संपली," ती म्हणली.

"बरं झालं. सुटलीस."

"मॅडम म्हणल्यावत्या, गोळी म्हंजे कानातला बोळा."

"व्हय."

"आज निघाला."

मला कळंना. तिनं कोकराचा डावा कान हातात घेतला.

"त्या दिशी स्टँडवर गणू मेस्त्रीला इचारलं हुतं मी," ती म्हणली. "क्लचप्लेट बदलायला किती येळ लागतो. त्यो म्हणला, पार्ट असला तर दोन तास. नसला तर अर्धा दिस, बडोद्यासारख्या ठिकानी कुनी बी आनून देतंय."

दोन बोटं. सुनेचं बाळंतपण न्हवतं ते. टेबलावर जायच्या आदल्या दिशी तिनं इचारलं होतं, आन् ते पोटात घेऊन ती आत गेली, सुया घेतल्या, पाच वर्सं माझ्याकडनं हात चोळून घेतला.

"पाच वर्सं कानात बोळा हुता म्हणून ऐकून घेतलं न्हाई," बायाक्का म्हणली. "आता ऐकाय येतंय. तीन दिसातला अर्धा दिस गाडीचा. ऱ्हायलेलं अडीच सांगा."

कुंपणाच्या पलीकडनं मेंढी ओरडत होती. तिच्या हातात कात्री उघडी होती, आन् ती कान कापायची थांबली होती.

मी कोकराला घट्ट धरलं आन् सांगायला लागलो. पहिल्या दिसापासनं.